सगळ्यांत लहान काच

देवाने प्रत्येकाला काही ना काही दिलेलं असतं. माझ्या धाकट्या दिरांना त्याने उत्तरं दिली. प्रश्न काय आहे हे कळायच्या आधीच त्यांचं उत्तर तयार असतं. पंखा का कुरकुरतो, शेजारणीचा गुडघा का दुखतो, तिच्या मुलीचं लग्न का जमत नाही, सगळ्याचं. कधीकाळी ते यंत्रांचं शिक्षण घ्यायला गेले होते. तिथल्या मास्तरांना काही येत नाही हे लवकरच लक्षात आल्यामुळे ते घरी परतले. तेव्हापासून घरात त्यांना इंजिनिअर म्हणतात. मामंजी कौतुकाने म्हणतात, धाकटी जाऊ अभिमानाने म्हणते. मीही म्हणते.

माझे रोजचे काही नेम आहेत. पहाटेचा जप, एकवेळचं जेवण, आणि खोटं न बोलणं. पहिल्या दोन नेमांचा कुणाला त्रास नाही. तिसऱ्यामुळे मात्र नको असलेला माणूस दारात आला की मला स्वयंपाकघरात पाठवतात.

त्या आठवड्यात नणंद इस्पितळातून घरी यायची होती. तिची मुलगी दिवस भरायच्या आत जन्मलेली, ओंजळीत मावेल एवढी. कितीतरी दिवस काचेच्या पेटीत नळ्या लावून होती. आता पेटीतून बाहेर काढली होती, दूध ओढायला लागली होती आणि डॉक्टरांनी शुक्रवारी न्या म्हणून सांगितलं होतं. बजावलंही होतं. वारा नको, धूळ नको, कातडी अजून कांद्याच्या पापुद्र्यासारखी आहे, साधं खरचटलं तरी निभायचं नाही. नणंदेचे यजमान बोटीवर नोकरीला, माझे हे परगावी. म्हणून आणायचं काम इंजिनिअरांकडे आलं. मामंजींची गाडी होतीच.

बुधवारी सकाळी त्यांनी गाडी धुवायला काढली. किल्ली आत लावून, गाणी सुरू करून, बाहेरून फडकं मारत होते. चारी दारं नीट बंद केली. त्या गाडीला आपणहून कुलूप लावून घ्यायची खोड होती, ती घरात सगळ्यांना ठाऊक होती. गाडीने लावून घेतलं. आत गाणी चालूच.

मी अंगणात आले. "भावोजी, दुसरी किल्ली असेल ना?"

"आहे की. गाडीतच आहे, पुढच्या खणात."

"गाडीत?"

"हरवू नये म्हणून ठेवलीय. घरात किल्ल्या हरवतात, वहिनी."

"ह्यांच्या लक्षात कसं राहतं सगळं!" धाकटी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर चेष्टेचा लवलेश नव्हता. ही बाई खरंच धन्य आहे.

"कुलपं उघडणाऱ्याला फोन करू या का?" मी विचारलं. "नाक्यावर पाटी आहे त्याची. तारेने उघडतो म्हणे."

"वहिनी, तुम्ही तुमची माळ ओढा. यंत्राचं यंत्रवाल्यावर सोडा." मग ते गाडीभोवती फिरले, एकेका काचेवर टिचकी मारत, वैद्य पोट वाजवून बघतो तसे. मागच्या दाराच्या पलीकडे, गाडीच्या पाठीजवळ, तळहातापेक्षा थोडी मोठी तिकोनी काच होती. तिच्यापाशी थांबले. "ही. सगळ्यांत लहान. म्हणजे सगळ्यांत स्वस्त. हिच्यातून हात घातला की मागचं दार उघडलं. डोकं लागतं, वहिनी, डोकं."

रांजणात मान अडकलेल्या वासरासाठी गावाने उंटावरच्या शहाण्याला बोलावलं, आणि त्याने आधी मान कापायला सांगितली नि मग रांजण फोडायला, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो आणि हसतो. असा माणूस घरात जेवायला असला की हसू येत नाही.

हत्यारं गाडीच्या डिकीत, म्हणून ते माझ्या खलाचा बत्ता घेऊन आले. काचेच्या मधोमध मारला. काच ढिम्म. पुन्हा मारला. बत्ता उसळून त्यांच्याच गुडघ्यावर आला. धाकटी कळवळली. मग रागाच्या भरात एक घाव कोपऱ्यावर बसला, आणि ती काच तडकली नाही, फुटली नाही, एकदम खडीसाखर झाली. सरसरत आत सांडली. सीटवर, सीटच्या फटीत, पट्ट्याच्या खाचेत, खालच्या गालिच्यात. बाळ जिथे ठेवायचं होतं, नेमकं तिथे.

"बघा," भावोजी हात घालून दार उघडत म्हणाले, "ह्या काचेला धार नसते. मुद्दाम अशीच बनवतात."

मी एक खडा उचलून बोटावर दाबला. रक्ताचा ठिपका आला. तो त्यांना दाखवला. ते म्हणाले, "तुमची कातडी नाजूक आहे."

दुपारी मी नणंदेचा डबा घेऊन इस्पितळात निघाले होते. वाटेत काचेचं दुकान लागतं म्हणून भावोजी मला गाडीतून घेऊन गेले. काचवाला काही संतमहात्मा नव्हता. टेबलावर पाय टाकून फोनवर कुणाला तरी शिव्या घालत होता. फोन न ठेवताच त्याने भुवई उडवली.

"बाजूची काच बसवायचीय," भावोजी म्हणाले.

"दाराची? खाली-वर होणारी?"

"छे. दाराच्या मागची. तिकोनी."

त्याने पाय खाली घेतले. "चोराने फोडली?"

"मी. किल्ली आत राहिली होती."

"आणि तुम्ही ही निवडलीत?" तो खुर्चीतून उठला आणि आतल्या माणसांना ओरडला, "अरे, बाहेर या! दाराच्या हातभर लांब काचा सोडून साहेबांनी कोपऱ्यातली फोडली!" आतून तिघेचौघे हात पुसत आले आणि भावोजींकडे प्रदर्शनातल्या बैलाकडे बघावं तसे बघत उभे राहिले.

"लहान आहे ना ती," भावोजी म्हणाले. आवाज जरा खाली आला होता.

"साहेब, दाराची काच रोज फुटते, म्हणून रोज मिळते. दाराचं आतलं पान काढायचं, काच पट्टीत सरकवायची, चहा प्यायचा. ही गाडीच्या अंगालाच चिकटवलेली असते, कडेच्या रबरासकट. हिला कुणी फोडत नाही, म्हणून कुणी ठेवत नाही. मागवावी लागेल. सोमवारी या. किंमत ऐकायचीय?"

"नको," मी म्हणाले.

"आणि आधीच सांगतो, बसवल्यावर डिंक धरेपर्यंत दारं आपटायची नाहीत. एक काच बोटभर उघडी ठेवायची. सगळं बंद असताना दार आपटलं की आतली हवा नव्या काचेलाच बाहेर ढकलते. मग माझ्याकडे बोंबलत येऊ नका." हे तो पाठ केल्यासारखं बोलला आणि पुन्हा फोनवर शिव्यांकडे वळला.

गाडीत बसल्यावर भावोजी म्हणाले, "घाबरवण्याचा धंदा असतो ह्यांचा. चिकटवायलाच तर आहे. पोरंसुद्धा शाळेत चिकटवतात."

गुरुवारी ते भंगारवाल्याकडून एक तिकोनी काच घेऊन आले. गाडी तीच, पण आधीच्या बनावटीची. काच चहूबाजूंनी थोडी अपुरी होती. जुना डिंक खरवडून काढायला हवा होता, तो त्यांनी राहू दिला, "त्यानेच पकड येते" म्हणून. आणि न्हाणीघरातल्या फरश्यांच्या फटी बुजवायचा पांढरा लेप उरला होता, तो अख्खा रिकामा केला. संध्याकाळी बघितलं तर गाडीला पांढऱ्या मिशा फुटल्या होत्या. मामंजी काठी टेकत आले, लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "वा! बाहेरचा माणूस लागला नाही."

आमच्या घराचं हे ब्रीद आहे. बाहेरचा माणूस लागला नाही. नळ गळतो, जिना हलतो, दिवे लुकलुकतात, पण बाहेरचा माणूस लागलेला नाही.

धाकटीने सीटवरून केरसुणी फिरवली होती आणि तेवढ्यात तिची पाठ धरली होती. मी कणीक भिजवली, घट्ट गोळा केला आणि सीट थोपटत बसले. गोळा उचलला की खाली खडे लुकलुकायचे. पट्ट्याच्या खाचेतून निघाले, सीटच्या शिवणीतून निघाले, बाळाचं डोकं टेकणार त्या जागेतून निघाले. एक गोळा भरला की दुसरा.

"वहिनी गाडीला जेवू घालतायत!" भावोजी ओट्यावरून म्हणाले. धाकटी इतकी हसली की पाठ विसरली.

मी हात धुऊन मामंजींकडे गेले. "मामंजी, उद्यापुरती टॅक्सी सांगू या. ती काच मला धड वाटत नाही. बाळ तिच्याखालीच बसणार."

"सूनबाई, दारात गाडी उभी असताना घरची नात भाड्याच्या गाडीतून आणायची? चार लोक काय म्हणतील?"

चार लोक. त्यांना मी इतक्या वर्षांत कधी बघितलं नाही. बाळाला मात्र बघितलं होतं. पेटीच्या काचेला तिचा तळवा टेकलेला होता, चिंचोक्याएवढा.

शुक्रवारी आम्ही निघालो. भावोजी गाडी चालवायला, मामंजी पुढे, मी मागे, त्या काचेपासून जमेल तितकी दूर. वाटेत एका खड्ड्यात गाडी आदळली आणि काच करकरली. मी देवाचं नाव घ्यायला लागले.

इस्पितळाच्या दारात नणंद उभी होती, तोंडावरची सगळी रया गेलेली, छातीशी दुपट्याचं गाठोडं. परिचारिका सोबत होती. मी पलीकडच्या दाराने उतरून ते लावून घेतलं. भावोजींनी उतरून राजाच्या द्वारपालासारखं मागचं दार उघडलं. "या, ताईसाहेब. गाडी चकाचक."

नणंदेने पायरी उतरता उतरता त्या पांढऱ्या मिशा बघितल्या. "दादा, हे काय?"

"काच बदलली. नवी. मी स्वतः बसवली."

ती तिथेच थांबली. मग भावाकडे नाही, बापाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "वहिनी, हिला ठेवू का ह्या गाडीत?"

भावोजी माझ्याकडे बघायला लागले. मामंजींनी पुढच्या सीटवरून मान वळवली. त्यांची नजर मला चांगली ओळखू येते. घरातल्या लेकीसमोर, परक्या बाईसमोर घराची अब्रू राख, अशी ती नजर. इतके दिवस अशा वेळी मला स्वयंपाकघरात पाठवायचे. इथे स्वयंपाकघर नव्हतं.

"नको," मी म्हणाले. "ठेवू नकोस."

"काय नको?" भावोजींचा आवाज चढला. "काय झालंय काचेला? वहिनींना यंत्रातलं काय कळतं? माळ ओढण्याइतकं सोपं वाटलं काय? अरे, हत्तीने धडक दिली तरी हलायची नाही!" आणि ते सिद्ध करायला त्यांनी मागचं दार सगळा जीव लावून आपटलं. वारा लागू नये म्हणून गाडीच्या बाकीच्या काचा त्यांनीच घट्ट बंद करून ठेवल्या होत्या.

हत्ती लागलाच नाही. धप् असा आवाज झाला, पांढरी मिशी एका टोकापासून सुटली, तिकोनी काच बाहेरच्या अंगाला कलंडली, क्षणभर लोंबली आणि त्यांच्या पायाशी फरशीवर पडून खडीसाखर झाली. आतल्या बाजूने एक लांबलचक लेपाची दोरी सीटवर येऊन पडली. तिच्यात परवाच्या काचेचे खडे मोत्यांसारखे ओवलेले होते. कणकेला न सापडलेले.

परिचारिकेने नणंदेचा दंड धरून तिला मागे ओढलं. "ह्या गाडीत मी बाळ देणार नाही," ती म्हणाली. मामंजींकडे बघून म्हणाली. त्यांच्यासारख्यांची चार लोकांची भीती तिला नेहमीची असावी.

बाळ झोपेतच होतं.

टॅक्सी मीच थांबवली. टॅक्सीवाल्याने काचा आधीच वर करून घेतल्या आणि गतिरोधकावर इतका हळू गेला की मागच्यांनी भोंगे वाजवले. नणंद वाटभर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "तू नसतीस ना, तर मी बसले असते ग. दादा म्हणाला म्हणून."

संध्याकाळी शेजारीपाजारी बाळ बघायला आले, तेव्हा इंजिनिअर परतले होते. पडलो तरी नाक वर. बैठकीत मध्यभागी बसून सांगत होते, "नवी काच कधीही तपासल्याशिवाय वापरायची नाही. मी मुद्दाम इस्पितळाच्या दारात दार आपटून बघितलं. बाळ आत बसायच्या आधी. हवेचा दाब असतो, सामान्य माणसाला कळत नाही."

"ह्यांच्यामुळे वाचली पोर," धाकटी म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

शेजारणीने हात जोडले. मी चहा फिरवत होते. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

 लोक गेल्यावर मात्र मामंजींनी काठी जमिनीवर टेकवली. "सोमवारी गाडी काचवाल्याकडे जाईल. बाहेरच्या माणसाकडे. आणि ती दुसरी किल्ली आत्ता आण, सूनबाईकडे दे. तिच्याजवळ राहील."

भावोजींनी बापाकडे कीव केल्यासारखं बघितलं.

"बाबा, ती कशी हरवेल? गाडीतच आहे ना," ते म्हणाले. "पुढच्या खणात."