कुलूपवाल्याचे सवयीचे दिवस

त्या पाळणाघराची यादी इतकी लांब होती, की शहाणी माणसं लग्न ठरायच्या आधीच नाव घालून ठेवत. एका गृहस्थाचा नंबर लागल्याचं पत्र आलं तेव्हा त्याला मिशा फुटून त्या पिकल्याही होत्या. तो नातवाला कडेवर घेऊन गेला, तर पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या ताईंनी सांगितलं, नंबर तुमचा आहे, त्याचा नाही; त्याचं नाव शेवटी घाला. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांचे नंबर अजून लागायचे आहेत.

अशा ठिकाणी कुलूपवाल्याच्या अडीच वर्षांच्या मुलीचा नंबर चार महिन्यांत लागला. कसा, ते कुणाला कळेना. कुलूपवाल्याला वाटलं, आपलं नशीब. माणसाला असं वाटतं.

नंबर लागला तो मात्र अगदी वेळेवर. त्याची बायको बस चालवायची. मुलीसाठी घेतलेली रजा तिने तीनदा वाढवून घेतली होती. चौथ्यांदा साहेबांनी अर्ज न वाचताच परत दिला आणि सांगितलं, सोळा तारखेच्या सोमवारी कामावर दिसा, नाहीतर तुमची बस दुसरं कुणीतरी चालवेल.

पाळणाघराची एक रीत होती. सवयीचे दहा दिवस. पहिल्या दिवशी आईने नाहीतर बापाने मुलासोबत बसायचं आणि मधे पाच मिनिटं बाहेर जाऊन यायचं. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं, मग अर्धा तास, असं वाढवत वाढवत दहाव्या दिवशी सकाळी सोडायचं ते थेट संध्याकाळी न्यायला यायचं. ज्याला दहाव्या दिवशी जमलं नाही, त्याची जागा यादीतल्या पुढच्याला. दहावा दिवस येत होता तेरा तारखेच्या शुक्रवारी.

"जमेल ना रे?" बायकोने विचारलं.

"किल्लीला ना?" मुलीला घरात सगळे किल्लीच म्हणत. "कठीणच आहे. माझ्याशिवाय ती दहा मिनिटं राहत नाही."

"माझ्याशिवाय म्हण."

"तुझ्याशिवाय राहते. बघितलंय मी."

पहिल्या दिवशी किल्ली आत गेली, तिथल्या सगळ्यात थोराड पोराच्या हातातली लाल बादली तिने काढून घेतली आणि कामाला लागली. बापाकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. बाप एका वीतभर उंचीच्या खुर्चीवर, गुडघे कानांशी आणून बसला होता. मोठ्या ताई म्हणाल्या, "आता पाच मिनिटं बाहेर जाऊन या." तो गेला आणि दीड मिनिटात परत आला.

"काय हो?"

"नाही, तुमच्या दाराची बिजागरी कुरकुरतेय. म्हटलं सांगावं."

"वर्षभर कुरकुरतेय," मोठ्या ताईंनी उसासा सोडला. "कोण बघतंय!"

कुलूपवाल्याने सायकलला अडकवलेली हत्यारांची पिशवी आणली. पाच मिनिटांचं काम त्याने जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरवलं. एक डोळा बिजागरीवर, दुसरा किल्लीवर.

मग काय, रोज काहीतरी निघायला लागलं. कडी सैल आहे. खटका अडतोय. औषधांच्या कपाटाला कुलूप आहे पण त्याला लाज नाही, कुणाच्याही किल्लीने उघडतं. सहाव्या दिवसापर्यंत अकरा दारं आणि सात कपाटं अशी काही सुरळीत झाली, की गल्लीत कुणी शिंकलं तरी आतलं एखादं दार अदबीने उघडायचं. मोठ्या ताई येता-जाता म्हणायच्या, "देवमाणूस आहात हो," आणि पुढचं दार दाखवायच्या.

सातव्या दिवशी दारं संपली.

तेव्हा ज्याने उभ्या आयुष्यात कुणाचं धड कुलूप बिघडवलं नव्हतं, त्या माणसाने संध्याकाळी मुलीला नेताना खेळण्यांच्या खोलीच्या लॅचचे दोन स्क्रू काढून खिशात टाकले. आठव्या दिवशी सकाळी ते परत बसवले आणि तासभर मिळवला. संध्याकाळी चार काढले.

"अरे, आज तरी बाहेर राहिलास ना?" रात्री बायकोने विचारलं.

"राहिलो की."

"किती वेळ?"

"तसा बराच."

"हे बघ, सोमवारी मी बसवर नसले ना, तर तुलाच त्या बसखाली घालीन. आणि चालवायला दुसरी बस मागून आणीन."

नववा दिवस. सकाळभर बाहेर राहायचं होतं. कुलूपवाला पुढच्या दाराने सर्वांदेखत गेला आणि मागच्या दाराने आला. ते कुलूप त्यानेच बसवलेलं, त्यामुळे हूं की चूं न करता उघडलं. खेळण्यांच्या खोलीत शिरून त्याने दार ओढून घेतलं. चार स्क्रूंवाचून लोंबकळणारं लॅच तिरकं होऊन खटकन बसलं. पिशवी बाहेर, सायकलवर. स्क्रू खिशात. आणि शहरातला नावाजलेला कुलूपवाला कापडी हत्ती नि लाकडी ठोकळ्यांत बंद.

त्याने प्लॅस्टिकच्या फावड्याने खटपट करून बघितली. फावडं मोडलं. बाकीचं काम इतकं चोख होतं, की ते करणाऱ्याचा त्याला मनस्वी राग आला. आता हाक मारायची एवढंच उरलं. हात वर केला, पण त्याआधी सवयीने कुलपाच्या भोकाला डोळा लावला.

समोरच किल्ली बसली होती. शेजारी गोबऱ्या गालांचा एक नवा मुलगा भोकाड पसरून रडत होता. तिने आपल्या बाहीने त्याचं नाक पुसलं.

"आई कुथंय?" तो म्हणाला.

"कामावल. माझे बाबा पन कामावल. ते सगल्यांची दालं उघदतात."

"सगली?"

"सगली. मोथी मोथी."

कुलूपवाल्याचा वर गेलेला हात खाली आला. दार वाजवावं तर सगळ्यांची दारं उघडणारा बाप हत्तीच्या सोंडेखालून ओढून काढलेला दिसणार, आणि मोठ्या ताई यादीतल्या पुढच्याला पत्र धाडणार. तो मुकाट्याने हत्तीवर बसला. मग त्याला रडू आलं. आवाज जाऊ नये म्हणून कापडी सशाचा कान तोंडात धरला. पुढे दुपारी मुलांना निजवण्यासाठी ताई गुणगुणायला लागल्या, तशी मुलं झोपली, आणि त्यांच्याही आधी तो झोपला.

जाग आली तेव्हा दार उघडं होतं. मोठ्या ताई चमच्याचा दांडा हातात घेऊन उभ्या होत्या.

"झाली झोप?" त्या हळूच म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"घोरता किती हो! मुलांना सांगितलं, भिंतीपलीकडे मांजर आहे."

"मग आधी का नाही काढलंत?"

"आधी काढलं असतं तर उद्या परत आला असता."

"ताई, जागा..."

"मुलगी पहिल्या दिवशीच रुळली. तिचं काही नाही. तुमचं बघायचंय. उद्या दाराशी सोडायचं आणि चालायला लागायचं. आत आलात, तर यादी लांब आहे." त्यांनी तळहात पुढे केला. "आणि ते स्क्रू."

चार स्क्रू त्यांच्या हातात पडले.

शुक्रवारी तो फाटकाशी आला. पिशवी घरी ठेवली होती. किल्ली दोन पावलं आत गेली आणि पहिल्यांदाच वळली.

"बाबा, जा ना," ती म्हणाली. "लोक दालाशी थांबले अशतील."

तो गेला. संध्याकाळपर्यंत त्याने नऊ कुलुपं उघडली. त्यांतली तीन कुणी सांगितलेलीही नव्हती.

"रडली?" बायकोने दारातच विचारलं.

"ती? छे."

बायकोने त्याच्या डोळ्यांकडे बघितलं आणि आपला रुमाल त्याच्या हातात दिला.

सोमवारी किल्लीला सोडून तो फी भरायला ऑफिसात गेला. भिंतीवर ती सुप्रसिद्ध यादी होती. मुलाचं नाव, वय, आणि मग पालकांचा धंदा. चार नावांपुढे लाल खुणा: नळवाला, रंगारी, कुलूपवाला, सुतार. खाली छप्पर दुरुस्त करणाऱ्याच्या नावापुढे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'पावसाळ्याआधी'.

काचेपलीकडे त्या वीतभर खुर्चीवर एक धिप्पाड सुतार गुडघे कानांशी आणून बसला होता. मोठ्या ताई त्याच्यासमोरच्या टेबलाचा पाय हलवून बघत होत्या, नीट डुगडुगतो की नाही.

कुलूपवाला बाहेर आला, तर फाटकासमोर बस उभी. तिथे थांबा नव्हता. चालकाच्या जागेवर त्याची बायको मान उंच करकरून पाळणाघराच्या खिडकीत बघत होती. मागे उतारू घड्याळं बघत होते.

"जा, जा!" कुलूपवाल्याने हात हलवला. "रुळलीय ती!"

तिने मान डोलावली. बस काही हलेना.