वाटणीत आलेलं अस्वल

वाटणी झाली तेव्हा काकाला संत्र्याची बाग मिळाली, बाबांना परतवाड्याचं घर आणि मला अस्वल. माझे आजोबा, आबाजी, चारचौघांत म्हणाले, "नितेशले माही अस्वलाची गोष्ट. दुसऱ्या कोनी सांगाची नाई." कोणी हरकत घेतली नाही.

तरणेपणी आबाजी सेमाडोहच्या जंगलात अस्वलाच्या तावडीत सापडले आणि त्याला विडी पाजून सुटले, ही ती गोष्ट. लग्नाच्या बोलणीत आरतीच्या घरच्यांना मी बागेऐवजी हेच अस्वल दाखवलं, गोष्ट खरी असल्याच्या शपथेवर. तरी होकार आला.

परवा अमरावतीच्या पुस्तक प्रदर्शनात माझं अस्वल एका मुखपृष्ठावर बसलेलं दिसलं. मुलांचं पुस्तक म्हणून विडी पेटवलेली नव्हती, नुसतीच हातात होती. लेखिका करिश्मा कासदेकर, सेमाडोह. विडी देणारा माणूस तिचा कोरकू आजा, सोमा.

घरी येऊन पुस्तक आबाजींपुढे आपटलं. "तुमचं अस्वल चोरलं!"

त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "सोम्यानं दगा देल्ला."

"सोमा कोण?"

"माहा दोस्त. अस्वल त्याचंच होतं."

बाजारात आबाजी वांगी विकायचे, सोमा चारोळी. उठताना उरलेला माल एकमेकांना द्यायचे. एका बाजारी दोघांचंही सगळं खपलं, बदलायला काही उरलं नाही, म्हणून गोष्टींचीच अदलाबदल केली. दिलेली गोष्ट देणाऱ्यानं परत सांगायची नाही, अशी बोली होती.

"म्हंजे तुमी अस्वल पाह्यलंच नाई?"

"पाह्यलं ना. सर्कशीत."

लहानपणी मला ताप आला की ते उशाशी बसून अस्वलाच्या नखाचा म्हणून मांडीवरचा वण दाखवायचे. "मंग मांडीवरचा वण?"

"सायकल."

मी पुस्तक परत हातात घेतलं.

"त्यानं बोली मोडली," आबाजींचा आवाज चिरकला. "एवढ्या वर्साची दोस्ती! मंग मी बी माही गोष्ट वापस घेतो. ऐक, आता थे तुही. एक डाव एक वांगं खपलं नाई. दिवस बुडाला. घरी आनलं, भाजी केली."

"पुढं?"

"पुढं काय? खाल्ली."

मी पुस्तक उलटसुलट चाळलं. वांगं कुठंच नव्हतं. सोमानं बिचाऱ्यानं ते कोणालाच सांगितलेलं दिसत नव्हतं.

"आबाजी, अस्वलाच्या बदल्यात हे देल्लं तुमी त्याले?"

"चांगली वांगी खपली होती ना बे."

तेवढ्यात आरतीचा फोन आला. "रविवारी मामा येऊन राहिले. बाबा म्हन्तात, नितेशले अस्वल सांगाले लाव."

तेव्हापासून मी वांग्याची तालीम करून राहिलो. भाजीपर्यंत पोचतो, पुढे रडू येतं.