मुठीतली गाठ

निवृत्त झाले त्याच दिवशी मी यांना सांगितलं, आता मला घरात बसायचं नाही. कंधारच्या शाळेत उभा जन्म गेला. दुसऱ्यांच्या पोरांना नकाशावर समुद्र दाखवले, स्वतः मात्र नांदेड-लातूरच्या पलीकडे फारशी गेले नाही. व्यंकटराव हसून म्हणाले, "आपल्या पिकअपवर खोली बांधू, तारा. रात्र होईल तिथं आपलं घर." मी खुळी, त्या बोलण्यावर भाळले. माझ्याच नावावर असलेली पिकअप चालवायलाही शिकले.

खोली एवढीच उंच हवी होती, की गाडी आमच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये जावी. बाहेर ठेवली तर माकडं गाद्यांच्या चिंध्या करतील. उदगीरचा मिस्त्री विरूपाक्ष सुतळीवर काम करायचा. सुतळीला गाठ मारून द्या, गाठीच्या बोटभर खाली छत देतो, असा त्याचा रिवाज. मग हे स्टुलावर चढले आणि सुतळी शेडच्या दारावरच्या बीमला लावून धरली. खालचं टोक मी पायाच्या अंगठ्याखाली दाबलं.

"ताठ हाय का?"

"हाव, ताठ हाय."

"मारली बघ गाठ," म्हणत ते सुतळी मुठीत गुंडाळतच खाली उतरले.

खोली तयार होईपर्यंत मी पडदे शिवले, कारळाची चटणी कुटली, रोज यांना गावांची नावं वाचून दाखवली. हे हूं हूं करायचे. गाडी आली तेव्हा सगळी गल्ली जमली होती. आणि शेडच्या दारात छत बीमला धडकलं. वीतभर जास्त! शेजारच्या अमृतरावांच्या सांगण्यावरून चाकांची हवा कमी केली, आत माणसं बसवून गाडी दाबून पाहिली. कशाचं काय!

मी फोनवर विरूपाक्षाला नाही नाही ते बोलले. "बाई, तुमच्या गाठीबरहुकूम दिलंय," एवढंच तो म्हणाला. मला ते खरं वाटलं नाही.

"बीम फोडून वर घ्या," मी यांच्या मागे लागले.

"फोडला तर शेड बसंल. सध्या लातूरला शिवशंकरकडं ठेवू. त्याचं गॅरेज उंच हाय."

शिवशंकर माझा धाकटा दीर. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी अलगद आत गेली. वर बोटभर जागा राहिली, मापून केल्यासारखी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्याची बायको शिल्पा आरतीचं ताट घेऊन आली. गाडीला कुंकू लावलं आणि खोलीत चढून माझे पडदे काढायला लागली.

"काय करून राहिलीस?" मी विचारलं.

"फिके हायत अक्का, दुसरे लावते. थोरले भाऊजी दसऱ्याला आमच्या गॅरेजचं माप घेऊन गेले, तवापासून ह्यांनी ह्या गाडीनं तिरुपतीला जायचं ठरवलंय."

विरूपाक्षाने परत दिलेली सुतळी मी पडदे बांधायला वापरली होती. ती सोडून गॅरेजच्या दारात उतरले. खालचं टोक अंगठ्याखाली दाबलं आणि यांना म्हणाले, "वर धरा." हे हललेच नाहीत. शिवशंकरनं उगाच हौसेनं धरली. गाठ बरोब्बर त्याच्या गॅरेजच्या बीमला लागली.

म्हणजे आमच्या शेडमध्ये हे स्टुलावर चढले, तेव्हा गाठ आधीच मारलेली होती. माझ्या डोक्यावर, यांच्या मुठीत! परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. या माणसानं केसानं गळा कापला.

"त्यानं गाडी मागितली, तारा. धाकटा भाऊ हाय. न्हाई म्हनवंना."

"आन मला खरं सांगवंना?"

मी हात पुढे केला. "शिवशंकर, गाडी माझ्या नावावर हाय. चावी दे." गाडी मागे घेतली, कुठंही घासली नाही. यांना सांगितलं, तुम्ही एसटीनं या. कंधारपर्यंत रडत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गवंड्याला घेऊन शेडपाशी उभे. "बीम फोडतो. तू म्हणशील तेवढा वर घेतो. फक्त माप घेऊ, ये."

"फोडा," मी म्हणाले. "पण खालचं टोक धरायला दुसरं कुणी बघा."