माझ्या पोटातला आवाज

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकात हार घालतात तसला मानाचा नव्हे. झाशीच्या एका नर्सिंग कॉलेजात पलंगावर पडून असलेला रबरी पेशंट. माझ्यावर हात बसला की मुली खऱ्या वॉर्डात जातात. सुया टोचून टोचून माझ्या दंडाची चाळण झाली आहे, एक कान केव्हाच गळाला आहे, आणि कुणा वात्रट मुलीने पेनने मिशा काढल्यापासून सगळ्या मला 'बाबूजी' म्हणतात.

नवा होतो तेव्हा माझी ऐट बघण्यासारखी होती. माझ्या पोटात पाण्याची एक छोटी पिशवी होती. ज्याला गिळता येत नाही अशा पेशंटला नाकातून पोटात नळी घालून दूध, पेज देतात. ती नळी चुकून फुफ्फुसात तर गेली नाही ना, हे आधी बघावं लागतं. इथे शिकवतात ते असं, की सिरिंजने थोडी हवा सोडायची आणि पोटावर स्टेथोस्कोप लावून ऐकायचं. नळी बरोबर बसली की माझ्या पोटात बुडबुड आवाज यायचा. मुली हरखायच्या, आणि खरं सांगतो, मीही.

मग ती पिशवी फाटली. नवी मागवू म्हणाले आणि विसरले. सराव मात्र थांबला नाही. मुली हवा सोडत, पोटावर स्टेथोस्कोप टेकवत आणि पाठ केल्यासारखं म्हणत, "आवाज आई, मैडम." मॅडम म्हणत, "शाबाश. अगली आओ." माझं पोट मुकं झालं होतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

त्या मुलींपैकीच एक देविका, झाशीच्या नगरा भागात राहणारी. वडील रेल्वेत, घरात मराठी. पेशंटला हात लावण्याआधी काय करणार ते त्याला सांगायचं, असा इथला नियम आहे. बाकीच्या मुली हिंदीत सांगत. ही एकटी असली की मराठीत सांगे, "काका, नळी घालतेय हं. गिळा बरं." तिचं मराठी जरा अडखळत चाले, पण माझ्याशी इतक्या मायेने दुसरं कुणी बोललं नाही. मला ती फार आवडे. आणि शेवटी तीही म्हणे, "आवाज आई, मैडम."

त्या हिवाळ्यात तिला वॉर्डात पाठवलं. तिथे खंडेराव गेटजवळचे नीलकंठराव होते, पक्षाघाताने बेशुद्ध पडलेले. पुढचं तिनेच मला सांगितलं, माझ्या पलंगाचा कठडा घट्ट धरून.

"काका, मी नळी घातली. हवा सोडली. सिस्टरने विचारलं, आवाज आई? मी म्हटलं, आई. तोंडातून निघूनच गेलं हो. मला काहीच ऐकू आलं नव्हतं."

नळी फुफ्फुसात गेली होती. बेशुद्ध माणूस, साधा खोकलाही नाही. दूध छातीत उतरलं आणि नीलकंठराव गेले.

देविकाने मॅडमना सगळं सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, "उनकी हालत पहले से खराब थी, बेटा. अब ये बात कहीं मत कहना." आणि नीलकंठरावांच्या पत्नीने, इंदूकाकूंनी, तिचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "पोरी, तू त्यांच्याशी आपल्या भाषेत बोलायचीस. तेवढं तरी त्यांच्या कानावर पडलं." काकूंना खरं सांगायचं धाडस देविकाला झालं नाही. ती रडत राहिली आणि मी छताकडे बघत पडून राहिलो. इतका निरुपयोगी मी स्वतःला कधीच वाटलो नव्हतो.

मग शेवटच्या वर्षाची परीक्षा आली. बाहेरून आलेले परीक्षक माझ्या उशाशी उभे होते. देविकाने नळी घातली, हवा सोडली आणि डोळे मिटून ऐकत राहिली.

"आवाज नहीं आई, सर."

"अरे, पुतला है ये. बोल दो आई, और आगे बढ़ो."

तिने पुन्हा हवा सोडली. पुन्हा ऐकलं. "नहीं आई, सर. मैं दूध नहीं दे सकती."

मॅडम भिंतीजवळून डोळे वटारत होत्या. परीक्षक वैतागले. "फेल हो जाओगी."

"हो जाऊँगी, सर."

तिने नळी हलकेच काढली, माझं तोंड पुसलं आणि उरलेल्या कानाशी वाकून म्हणाली, "काका, मी आता खंडेराव गेटला जाते. काकूंना सांगते." त्यानंतर ती इथे आलेली नाही. काकूंनी तिला दारातूनच परत पाठवलं की घरात घेतलं, मला माहीत नाही. कोण सांगणार मला?

मित्रांनो, मला नवा कान नको, मिशाही पुसू नका. माझ्या पोटातली पिशवी तेवढी बदला. आणि ती बदलेपर्यंत, माझ्या पोटावर स्टेथोस्कोप लावाल तेव्हा जे ऐकू येईल तेच सांगा. काही ऐकू आलं नाही, तर तसं म्हणा. माझं काही बिघडणार नाही, पण माझ्यानंतर तुमच्या हाताखाली येणारा माणूस जिवंत असतो.

काल नवी तुकडी आली. पहिल्या मुलीने हवा सोडली, मान डोलावली आणि म्हणाली, "आवाज आई, मैडम."