हिरव्या ठिपक्याचं कार्ड

कॉव्हेंट्रीपासून समुद्र शंभरएक मैल. तरी केअर होमच्या छपरावर सीगल बसलेले असायचे. मासे विसरले होते मेले. मागच्या कचऱ्यातले चिप्स खाऊन गलेलठ्ठ झाले होते. श्यामलाबाई रोज दुपारी डबा घेऊन बसमधून उतरायच्या आणि त्यांच्याकडे बघून नाक मुरडायच्या.

आत त्यांचे यजमान मुरलीधरराव वाळत चालले होते. मे महिन्यात साठ किलो होते, ऑगस्टात सत्तेचाळीस. डोकं जाऊन तीन वर्षं झाली होती. होमचा उकडलेल्या भाज्यांचा लगदा ते तोंडात घेत नसत. बाईंनी डब्यातून नेलेला मऊ वरणभात त्यांच्याच अंगावर थुंकत. दाराशी कार्ड होतं: हिरवा ठिपका, ‘शाकाहारी, धार्मिक कारण’. खाली बाईंची सही.

हाच माणूस सदुसष्ट साली इथं आला, तेव्हा कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आठ महिने पाव, जॅम आणि बटाट्यांवर राहिला. मशीनवर चक्कर येऊन पडला, पण अंड्याला शिवला नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी ही गोष्ट सांगितली जायची आणि लोक टाळ्या पिटायचे. टाळ्या पिटणाऱ्यांची पोरं तेव्हा बाहेर गाडीत बसून बर्गर हाणत असायची. सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कोणी नव्हतं.

मंगळवारी डोरोटानं बाईंना बाजूला घेतलं. ही पोलंडहून आलेली पोरगी मुरलीधररावांना आंघोळ घालायची, भरवायची. तिनं सरळ कबूल केलं. काल आजोबांनी शेजारच्या केनचं ताट ओढलं. खिमा आणि बटाटा. सगळं खाल्लं, ताट बोटानं पुसून चाटलं.

“मी थांबवायला हवं होतं,” ती म्हणाली. “पण ते हसत होते.”

बाईंनी डबा खुर्चीवर ठेवला. डोरोटानं पुढचंही सांगितलं. आणखी दोन किलो उतरले की हॉस्पिटल, नाकातून नळी. कार्ड बदलल्याशिवाय मात्र ती स्वतःहून काही देऊ शकत नव्हती. नोकरी जाईल.

संध्याकाळी बाईंनी लंडनजवळ हॅरोला राहणाऱ्या मुलाला फोन लावला. जयंत इथंच जन्मलेला, बँकेत मोठा साहेब. ईस्टरपासून बापाकडे फिरकला नव्हता. रोज सकाळी स्टेशनवर बेकन सँडविच खाऊन ट्रेन पकडायचा. त्याच्या शर्टावरचा सॉस आईनं स्वतः धुतला होता.

“कार्ड बदलायचं नाही, आई. ही बाबांची डिग्निटी आहे. त्यांनी होल लाइफ पाळलं ते.”

“तू आज काय खाल्लंस?”

“तो वेगळा प्रश्न आहे.”

“वेगळाच आहे. तू जेवलायस.”

त्यांनी फोन ठेवला.

माणूस बदलतो म्हणे. बदलतो कसला? जगायला जे लागत नाही ते गळून पडतं, एवढंच. मुरलीधररावांची आधी नावं गळली, मग बायको, मग व्रत. भूक तेवढी उरली. आणि उरलेल्या त्या भुकेला मंडळाच्या टाळ्यांसाठी मारायचं? बाईंना त्या टाळ्या वाजवणाऱ्यांचाच नव्हे, स्वतःचाही संताप आला. दर गणपतीत पहिल्या रांगेत बसून त्याही मान डोलवत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी डबा नेला नाही. बसमध्ये हाताला चाळाच उरला नाही. नव्या कार्डावर सही केली, जुनं फाडलं.

डोरोटा भरवायला पुढं झाली, तर बाईंनी तिच्या हातातून चमचा घेतला. म्हणाल्या, पाप असेल तर ते माझ्या हातून होऊ दे, पोरी. तुला कशाला त्यात ओढू?

खिम्याचा वास नाकात शिरला. तोंडानं श्वास घेत त्यांनी पहिला चमचा पुढं केला. मुरलीधररावांनी चावलं, गिळलं, ओठ पुसले. चाळीस वर्षं जिला अगं-तुगं केलं, तिच्याकडे परक्या घरी पाहुणा बघतो तसं अदबीनं बघितलं.

“छान झालंय हो. तुमच्याकडे रोज करतात का असं?”

“हो,” बाई म्हणाल्या. “रोज.”

आणि दुसरा चमचा भरला.