चौदा नंबरचं तिकीट

"अगं, भोक मी कशाला पाडू? हे तिकीट माझ्या पर्समधून बाहेरच निघालं नव्हतं."

खिडकीपलीकडच्या आजींनी दोन्ही तिकिटं काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. तेरा नंबर कोरं करकरीत. चौदाच्या कोपऱ्यात चंद्रकोरीच्या आकाराचं भोक.

रिफंडवालीने ते उजेडात धरलं. बस कंपनीच्या या खिडकीशी ती सहा वर्षं बसत होती आणि ऑफिसात तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. प्रत्येक कंडक्टरचा पंच वेगळा. कोणाची चांदणी, कोणाचं पान. भोक बघून ती माणूस सांगायची. चंद्रकोर, सगळे ज्याला शिट्टी म्हणत त्या कंडक्टरची. आणि प्रवासी सीटवर बसल्याशिवाय तो तिकिटाला हात लावत नसे.

"आजी, त्या दिवशी गाडीत चढला होतात का?"

"कसली चढतेय! सातची गाडी. पहाटे पाचला हे बूट घालायला वाकले, ते उठलेच नाहीत." आजींनी खिडकीचा गज धरला. "पर्स दिवसभर खिळ्यालाच. नंतर कळलं, गाडीही सुटली नव्हती म्हणे."

नव्हतीच सुटली. वाटेतला पूल बंद झाला, सव्वासातला कंपनीने गाडी रद्द केली आणि बसलेली माणसं उतरवली. बाकी सगळ्यांचे पैसे परत गेले होते.

"लेकीला दिवस गेलेत, डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलंय. बापाचं तोंडही बघता आलं नाही तिला. हे पैसे मिळाले की तिकीट काढून तिच्याकडे जाईन म्हणते."

साहेब केबिनमधून डोकावले. "पंच झालंय? मग प्रवास झाला, विषय संपला. तेराचं कूपन द्या, सहा महिने चालतं."

रिफंडवाली उठली. भिंतीवरचं कॅलेंडर तिने बाजूला सारलं. त्यामागे वर्षानुवर्षं दडवलेला बोर्ड होता: कंपनीने गाडी रद्द केल्यास पूर्ण पैसे परत, कूपन प्रवाशाने मागितलं तरच.

"गाडी जागची हलली नाही साहेब, मग प्रवास झाला कसा? तक्रार झाली तर आधी या बोर्डाचा फोटो जाईल."

"तोंडाचा पट्टा आवरा!" साहेब म्हणाले, पण नरमले. "बरं, लिहून घ्या. चौदाचा प्रवासी गाडीत बसला नव्हता, पंच चुकून झालाय. सही घ्या आणि द्या दोन्हीचे."

"चुकून? आणि माझ्या हातून?" दाराशी चहा पीत उभा असलेला शिट्टी कंडक्टर आत आला. "सव्वीस वर्षांत एक पंच चुकला नाही माझा. चौदाला एक बाबा होते. राखाडी स्वेटर. एक बूट पायात, एक हातात. मी म्हटलं, बाबा, घाला की तो. नुसतेच हसले. तिकीट त्यांनीच दिलं मला."

रिफंडवालीचा हात आपसूक फोनकडे गेला. लेकीच्या पाळणाघराचा नंबर बोटांना पाठ होता.

"ती आहे ना तिथं? समोर दिसतेय ना तुम्हाला?"

"अहो, झोपलीय. आत्ताच तर विचारलंत!"

तिने फोन ठेवला. आजी मात्र घाबरल्या नव्हत्या. त्या कंडक्टरकडे पुढे वाकल्या.

"शेजारची सीट?"

"रिकामी. बाबांनी तिच्यावर हात ठेवला होता. कोणी टेकायला आलं की म्हणायचे, येतेय ती."

"उतरले कधी?"

"ते नाही बघितलं. मागची माणसं उतरवून पुढे आलो, तर सीट मोकळी. काच तेवढी उघडी."

"काच उघडीच लागायची त्यांना," आजी पुटपुटल्या. "मला वारा सोसत नाही. चाळीस वर्षं त्यावरनं भांडलो."

रिफंडवालीने अर्ज पुढे सरकवला. आजींनी चष्मा लावून ओळीवर बोट फिरवलं आणि पेन खाली ठेवलं.

"तेराचे दे. चौदाचे राहू देत."

"आजी, हक्काचे आहेत. सोडू नका. मी सहीशिवाय मंजूर करून आणते, चार दिवस लागतील फार तर."

"हक्क माझाच ना? मग घ्यायचा की नाही, तेही मीच ठरवीन." आजींचा आवाज चढला नाही. "मेल्यावरही माझी जागा धरून बसला गं माझा माणूस. आणि मी लिहून देऊ, बसला नव्हता म्हणून?"

त्यांनी पंच झालेलं तिकीट रुमालात गुंडाळलं. तेराच्या पैशांत दुसऱ्या दिवशीच्या सातच्या गाडीची तेरा नंबरची सीट मागितली. गाडी भरत आली होती आणि साहेबांना चौदा विकायची होती.

"चौदाचे पैसे आपल्याकडेच आहेत, साहेब," रिफंडवाली म्हणाली, आणि यादीत चौदासमोर तिने जुनंच नाव लिहिलं.

सकाळी ती लेकीला कडेवर घेऊन पाळणाघराकडे निघाली होती. कोपऱ्यावर सातची गाडी समोरून वळली. बोचरी थंडी होती. सगळ्या काचा बंद, धुकटलेल्या. एकच काच हातभर उघडी होती आणि तिच्यामागची सीट रिकामी.

तिच्या शेजारच्या सीटवर आजींनी शाल कानांवरून घट्ट ओढून घेतली होती. काच लावायला त्या हात पुढे करत नव्हत्या.