हात न लागलेली फोड

“हात धुतलेस का गं?”

दार वाजवायच्या आधीच आईचा आवाज यायचा. शाळेतून आले, हात धुतलेस का? खेळून आले, हात धुतलेस का? तो आवाज माझ्या कानात राहिला, घरातून गेला. चार महिन्यांपूर्वी दादा-वहिनीचं बाळ गेलं, तेव्हापासून आई आमच्याशी फारसं बोलत नाही. बोलते ती पाप शोधून देणाऱ्या न्यायबुवांशी.

आज बुवांच्या परीक्षेचा तिसरा दिवस. जिन्यात चपलांचा ढीग, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. टेबलावर पांढऱ्या फडक्याखाली चार बशा, प्रत्येकीत उकडलेल्या बटाट्याची एक फोड. परवा बुवांनी आई, दादा, वहिनी आणि मी, चौघांचे हात मंतरलेल्या पाण्यानं भिजवले, आणि ओल्या तळव्यानं एकेक फोड दाबायला लावली. ज्याच्या पापानं दोन आठवड्यांचं बाळ गेलं, त्याची फोड रक्त ओकणार होती.

“हे साधंसुधं नाही, मंडळी!” बुवा गरजले. “याला म्हणतात मायक्रोबायोलॉजी! मायक्रो म्हणजे सूक्ष्म, बायो म्हणजे देह. सूक्ष्म देहानं केलेलं पाप आज स्थूल डोळ्यांना दिसणार!”

“काय अभ्यास आहे माणसाचा!” शेजारचा शिंपी म्हणाला.

बाळ गेलं त्याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावर मी काम करते. आमच्या दारावर तोच शब्द लिहिलेला आहे. घरी कोणी विचारलं तर आई सांगते, ती बाटल्या धुते.

फडकं उचललं. तीन फोडी फिकट, मळकट. वहिनीची लालभडक, ओली, चकचकीत. वहिनी रडली नाही. दुसऱ्याची वस्तू पाहावी तशी ती स्वतःचा तळहात पाहत राहिली.

“बॅग भरून ठेवलीय तुझी,” आई म्हणाली. “माहेरी जा.”

दादा फरशीकडे बघत होता.

मी कपाटातून माझा डबा काढला. बशांच्या शेजारी टेबलावर ठेवला.

“बुवा, आम्हा तिघांना पांढऱ्या बाटलीतलं पाणी, आणि वहिनीला पिशवीतल्या तपकिरी बाटलीतलं. असं का?”

“तिचा दोष जड होता, पोरी.”

“फोड लाल व्हायच्या आधीच कळलं?”

कोणीतरी फिस्सकन हसलं. आईनं मान खाली घातली. बुवांना वहिनीचं नाव तिनंच सांगितलं होतं.

“परवा तुम्ही चहा पीत होतात, तेव्हा मी त्या तपकिरी बाटलीत कापसाची काडी बुडवली.” मी डबा उघडला. आत दोन फोडी, एक पांढरी, एक लाल. “पांढरीवर साधं पाणी. लालवर तुमचं. दोन्ही उकळलेल्या चिमट्यानं ठेवल्या. कोणाचाच हात लागलेला नाही. आता सांगा, ही कोणाच्या पापानं लाल झाली?”

बुवांनी पिशवी उचलली.

“बटाट्याच्या!” शिंपी म्हणाला, आणि उठून बुवांच्या वाटेत उभा राहिला. “ती बाटली इथं ठेवा, महाराज. मग जिना उतरा.”

“हे रक्त नाही,” मी सगळ्यांना सांगितलं. “हे जीव आहेत. इतके बारीक, की लाखो एकत्र जमल्याशिवाय दिसत नाहीत. ओलाव्यात राहतात, अन्नावर दोन दिवसांत वाढतात. या जातीचा रंगच लाल. त्यांना ओळखायचं, ते कुठून आले, कोणाला काय करतात ते शोधायचं, याला मायक्रोबायोलॉजी म्हणतात. त्यात पाप मोजायची सोय नाही. पुन्हा कोणी चमत्कार दाखवला, तर एवढंच विचारा: हात न लावता ठेवलेल्या फोडीचं काय झालं?”

माणसं पांगली. चपला एकेक करून जिना उतरल्या. आईनं बॅग आत नेली.

वहिनी तिथंच बसून होती.

“म्हणजे माझ्या हातानं नाही गेला तो?”

“नाही.”

“तू हे मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस. तुला कसं ठाऊक?”

नळ ठिबकत होता. मी उठून तो बंद केला, परत येऊन तिच्यासमोर बसले.

“बाळाच्या रक्ताची तपासणी मीच केली होती, वहिनी. त्यातही हाच रंग उगवला होता. आणि त्याच्या वॉर्डात नर्सा बाळाला उचलायच्या आधी हात धुवायच्या, त्या साबणाच्या बाटलीतही हाच. मोठे डॉक्टर म्हणाले, बाहेर बोलायचं नाही. मी बोलले नाही. चार महिने तुला घरात रोज ऐकून घ्यावं लागत होतं, आणि मला ठाऊक होतं.”